एका ताटातले दहा दिवस

वजनकाट्यावर चढायच्या आधी भागिरथाबाईंनी चपला काढल्या. मग कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून नवऱ्याच्या हाती दिला. तरी काटा जिथं जायचा तिथंच गेला.

"त्र्याऐंशी," निता म्हणाली.

"जुडगा देला तरी?" शेषराव म्हणाले.

निता केनवडच्या सरकारी दवाखान्यात आरोग्य अधिकारी होती. किन्हीराजाकडच्या एका तांड्यावरची पोर, शिकून इथवर आलेली. गाव तिला मॅडम म्हणे आणि ती गावाला काका-काकू म्हणे. तिनं वहीत आकडा लिहिला. "मागच्या महिन्यात एक्क्याऐंशी होतं, काकू."

"उपास वाढले का हिचं वजन वाढते," शेषराव म्हणाले. "मी तं म्हणतो, उपास सोडून दे, आपोआप वाळून जाशीन."

ते स्वतः एक्कावन्न किलोचे. सदरा खांद्यावर अडकवून ठेवल्यासारखा दिसायचा. लग्नाच्या पंगतीत पंधरा पोळ्या खाऊन उठायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच्या तेवढे राहायचे.

भागिरथाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. हळूच काट्यावरून उतरल्या, जुडगा परत घेतला आणि बाकावर बसल्या. अलीकडे त्यांना बसायला जागा दिसली की बसावंसं वाटायचं. उठायचं म्हटलं की आधी मनाची तयारी करावी लागे, मग गुडघ्यांची.

सोमवार, गुरुवार, शनिवार. हे तीन वार त्या अकरा वर्षं धरत होत्या. त्यांची लेक मंजुषा तेव्हा कॉलेजात होती. डेंगू झाला, रक्तातल्या पेशी उतरत उतरत पार खाली गेल्या, आणि अकोल्याच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी नुसती मान हलवली. तिथल्या जिन्यात भिंतीवर एका कॅलेंडरात देवी होती. भागिरथाबाईंनी तिच्यापुढं हात जोडले. माह्या पोरीले उठव, हे तीन वार मी अन्नाचा दाणा तोंडात घालणार नाई, जीव आहे तोवर. पाचव्या दिवशी पेशी वाढल्या. मंजुषा आता रिसोडला नांदत होती, दोन लेकरांची आई होती. देवीनं आपलं केलं होतं. भागिरथाबाईही आपलं करत होत्या. या तीन वारी सकाळी तुळशीला पाणी, देवापुढं दिवा, आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ-पूजा होईपर्यंत धान्याला हात नाही.

तेव्हा त्यांचं वजन अठ्ठावन्न होतं.

गावाला डोळे असतातच. थोरली जाऊ गोकर्णा हळदीकुंकवाला आली की भरल्या घरात म्हणायची, "भागिरथे, देवाले कबूल केलं तू, पन पोटाले कबूल नाई झालं वाट्टे." बाया हसायच्या. भागिरथाबाई त्यांना वाणाचं ताट पुढं करायच्या. मंजुषासुद्धा फोनवर म्हणायची, "आई, माह्यापायी तू जाड झाली असं लोकाले सांगू नको बरं." ती लाडानं म्हणायची. पण म्हणायची.

हे सगळं सोसलं जात होतं. सोसलं गेलं नाही ते दिवाळीच्या आधीचं. साखरेचा रिपोर्ट घेऊन दोघं शहरातल्या एका डॉक्टरकडं गेले होते. डॉक्टरनं कागद पाहिला, मग भागिरथाबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शेषरावांकडं वळून म्हणाला, "उपास वगैरे ठीक आहे. घरी कोणी नसताना ह्या काय खातात, त्यावर लक्ष ठेवा. नाहीतर पुढच्या खेपेला इन्सुलिन."

येताना बसमध्ये शेषराव खिडकीबाहेर पाहत राहिले. आठेक दिवसांनी भागिरथाबाईंनी फळीवरचा गूळ-शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला, तर डब्याला बाहेरून पेनाची बारीक रेघ होती. लाडू जिथवर होते तिथवर.

त्यांनी फळी पुसली आणि डबा जागेवर ठेवला. विचारून काय मिळणार होतं? रेघ ओढणारा माणूस चौतीस वर्षांचा सोबती होता. साखर वाढली तर वाढली, देहाचं आहे. पण आपण देवाला दिलेला शब्द मोडतो, तोही चोरून, असं या माणसाला वाटावं? देवीला खरं ठाऊक होतं. पण देवी काही शेषरावांना येऊन सांगणार नव्हती.

म्हणून त्या दिवशी दवाखान्यात नितानं ती गोष्ट काढली तेव्हा भागिरथाबाईंनी कान दिला.

"एका मेडिकल कॉलेजचा अभ्यास चालू आहे," निता सांगत होती. "पोटातल्या जंतूंचा. एका घरातले दोघं एकच खातात, तरी एक जाड होते अन् एक नाही, हे काहून, ते पाहायचं आहे. बारा जोड्या पाहिजेत मले. दहा दिवस दोघांनी एकाच भांड्यातलं, सारख्या मापानं खायचं. बाहेरचं काही नाही. जेवायच्या आधी अन् दोन तासांनी बोटाची साखर पाहायची. अन् एकदा," ती जरा थांबली, "शौचाचा नमुना द्यायचा."

"कशाचा?" शेषराव म्हणाले.

"समजलं तुमाले, काका."

भागिरथाबाईंनी पदर सावरला. "मॅडम, त्याच्यावरून कळते का, मानसानं काय खाल्लं ते?"

"थोडंफार. कोणत्या जातीचे जंतू वाढलेले आहेत, त्यावरून जेवण कसं असते त्याचा अंदाज येते. पण अमक्या दिवशी अमकं खाल्लं, असं नाही सांगत तो कागद."

शेवटचं वाक्य भागिरथाबाईंनी ऐकलं, पण धरलं नाही. कागद येणार आहे, एवढं त्यांनी धरलं. मोठ्या कॉलेजचा, शिक्क्याचा. तो यांच्या पुढ्यात ठेवता येईल.

"म्हंजे तिच्या उपासाच्या दिशी मलेबी उपास?" शेषराव विचारत होते.

"जोडी आहे ना, काका."

शेषरावांनी बायकोकडं पाहिलं. "पाहू तं खरं," ते म्हणाले. दहा दिवस ही आपल्या डोळ्यांपुढं जेवेल, हे त्यांच्या मनात आलेलं भागिरथाबाईंनी त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं. वाचून त्यांना वाईटही वाटलं नाही. बरंच झालं, पाहा म्हणावं.

नमुन्याचा दिवस मात्र त्यांना जड गेला. ज्या बाईनं उभ्या जन्मात पारोशानं चुलीला हात लावला नाही, तिनं सकाळी उठून झाकणाला चमचा असलेली ती डबी हातात धरायची, हे त्यांना देवापुढं सांगवेना. शुक्रवार होता एवढंच बरं, उपासाचा वार नव्हता. दोनदा आंघोळ केली. डबी कागदात, कागद पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि पदराखाली लपवून मागच्या गल्लीनं दवाखान्यात नेऊन दिली. वाटेत कोणी "कुठं निघाली?" विचारलं असतं तर त्या खाली बसल्या असत्या.

शेषराव आपली डबी हातात घेऊन रस्त्यानं सरळ चालत गेले. "माती परीक्षणाले मातीबी अशीच देतो," त्यांनी डबीवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवून निताला सांगितलं. "सात नंबर ब. वावर चांगलं हाय, पाहून घ्या."

त्या दिवशी दुपारी ज्वारीची भाकर, मेथीची भाजी आणि तुरीचं वरण होतं. दोघांचं ताट एकच. निता सांगून गेली होती मोजून वाढा, भागिरथाबाईंनी ताटातच मधून भाजीची रेघ पाडून दोन भाग केले. घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, त्यामुळं दोन तासांनी निता यंत्र घेऊन स्वतः आली. शेषरावांची साखर एकशे अठरा. भागिरथाबाईंची एकशे एक्कावन्न.

"बरी आहे," निता म्हणाली.

शनिवारी साबुदाण्याची उसळ होती. शेंगदाण्याचा कूट, बटाटे, वरून चिमूटभर साखर, जशी अकरा वर्षं होत आली तशी. सकाळी दोन चहा, दुपारी उसळ, तिसऱ्या प्रहरी केळं आणि एक लाडू, रात्री दूध आणि बटाट्याचा कीस. लाडू शेषरावांच्याच समोर डब्यातून काढला, एक त्यांना, एक स्वतःला. उसळ खाऊन दोन तासांनी निता आली.

शेषराव एकशे सत्तावीस. भागिरथाबाई दोनशे तेवीस.

शेषरावांनी यंत्र हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "एकाच कढईतलं हाय हे," ते म्हणाले. "मी पाहत होतो. माह्याच चमच्यानं वाढलं."

"म्हणूनच तर अभ्यास करून राह्यले लोक," निता खाटेवर टेकली. तिलाही त्या दिवशी चार घरं फिरून झाली होती. "काका, सोयाबीन पेरता तेव्हा बियाण्याले काय लावता?"

"जिवानूचं पाकीट. रायझोबियम."

"काहून?"

"मुयाले गाठी धरते ना त्यानं. हवेतलं खत झाडाले देते."

"तसेच आपल्या पोटात आहेत. मोठ्या आतड्यात. एखाद-दुसरी जात नाही, शेकड्यानं जाती. आपल्याले जे पचत नाही, भाकरीचा कोंडा, भाजीचे दोरे, डाळीचं साल, ते त्यांचं जेवण. ते खाऊन ते असं काही तयार करतात का आतड्याचं अस्तर धड राहते, साखर आवाक्यात राहते, पोट भरलं असा निरोप डोक्यात जाते. जाती कमी झाल्या, भलत्याच माजल्या, तर हे सगळं बिघडू शकते. एखाद्याचं शरीर मग तेवढ्याच घासातून जास्त साठवून ठेवते."

"अन् तननाशक जास्त झालं का गांडूयबी मरते," शेषराव म्हणाले.

"बरोबर बोलले. काकू, मागच्या काही वर्षांत अँटिबायोटिक किती घेतल्या?"

भागिरथाबाईंना आठवून सांगावं लागलं. दर हिवाळ्यात खोकला. लघवीची जळजळ. दाढ. औषधाच्या दुकानात जाऊन नुसतं सांगायचं, तो लाल-पिवळ्या कॅप्सूल पुडीत बांधून द्यायचा. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या डब्यात, पुढच्या खेपेला कामी येतील म्हणून.

नितानं लिहून घेतलं. मग म्हणाली, "अन् उपासाच्या दिवशी हा साबुदाणा. त्यात त्या जंतूंले खायले काहीच नाही. तो वरच्यावर साखर होऊन रक्तात जाते. खाली त्यांच्या वाट्याले काय येते? आठवड्यातले तीन दिवस, अकरा वर्षं. राग नका मानू काकू, पण उपास तुमचा नाही झाला. त्यांचा झाला."

ती सहज बोलली. भागिरथाबाईंनी मात्र ते धरलं.

"म्हंजे सगळं त्या जंतूईचंच करनं म्हना," शेषराव म्हणाले.

"सगळं नाही, काका. वय आहे, घराण्यातून आलेलं आहे, झोप आहे, बसून राहणं आहे. जंतूंचा वाटा किती, त्याच्यावर शास्त्रज्ञ लोक अजून भांडतातच आहेत. म्हणून तर तुमची डबी नेली."

निता गेली. संध्याकाळी दिवा लावताना भागिरथाबाई देवीपुढं नेहमीपेक्षा जरा जास्त उभ्या राहिल्या. दाणा तोंडात घालणार नाही, असं आपण म्हटलं होतं. दाणा घातला नाही, ते खरं. पण दाण्याच्या जागी काय काय घातलं, ते कधी पाहिलं नाही. साध्या दिवशी दोन भाकरींवर भागायचं. उपासाच्या दिवशी सकाळपासून काहीतरी चालतंच. चहा चालतो, केळं चालतं, लाडू चालतो. चालतं चालतं म्हणत अकरा वर्षं चालली. ही चोरी नव्हती. पण जे देवीला देतो म्हणून सांगितलं, ते दिलं का? पाय दुखू लागले, तेव्हा त्या पाटावर बसल्या.

इकडे शेषरावांचं वेगळंच झालं. शनिवारी रात्री त्यांचं डोकं चढलं. "हे दूध अन् कीस म्हंजे जेवन हाय का?" ते म्हणाले. "पोट भरल्यावानी वाटते अन् घंट्याभरात परत कोकलते."

"उद्या सकायी भाकर," भागिरथाबाई म्हणाल्या.

"तू कशी झोपते?"

"झोपते."

रविवारी ते चार भाकरी खाणार होते, पण माप सारखं म्हणून दोनवर उठावं लागलं. सोमवारी सकाळी चहा घेऊन ते हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेले आणि दुपारी शीळ घालत आले. उसळ पुढं आली तर कुरकुर न करता खाल्ली, थोडी ताटात उरवलीसुद्धा. भागिरथाबाईंना वाटलं, सवय झाली. मनात कुठंतरी थोडं बरंही वाटलं. आपल्याबरोबर कोणी उपास धरतंय, हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. त्या दिवशी निताची कुठंतरी लसीकरणाची ड्युटी होती, जेवणाआधीची तपासणी राहिली.

सातव्या दिवशी मार्गशीर्षातला गुरुवार होता. भागिरथाबाईंनी पहाटे उठून सारवलं, कलश मांडला, पाच झाडांच्या डहाळ्या लावल्या, कहाणी वाचली. शेषराव सकाळीच वावराकडं गेले होते. दुपारी आले, हातपाय धुतले, आणि उसळ वाढण्याआधी निता आली. तिनं आधी काकूंचं बोट टोचलं. एकशे बारा. मग काकांचं.

एकशे एक्काहत्तर.

निता आकड्याकडं पाहत राहिली. "काका, सकाळपासून काय घेतलं?"

"च्या. हिच्याच संगं."

"अन् मग?"

"मग काय. पानी."

"मशीन चुकलं असेल," निता म्हणाली आणि दुसरं बोट पुढं करायला लावलं. एकशे एकोणसत्तर. तिनं पट्टी कागदात गुंडाळली. "मशीन नाही चुकलं."

"तं जंतू असतीन," शेषराव म्हणाले. "तूच म्हने ना, भलतेच माजते म्हणून."

"माह्या मशीनले जंतू नाही दिसत, काका. साखर दिसते. तासाभरात काहीतरी पोटात गेलं आहे."

चुलीवर उसळीचं झाकण होतं. भागिरथाबाईंच्या हातात उलथनं होतं. त्या नवऱ्याकडं पाहत होत्या, त्यात राग नव्हता, काही नव्हतं. शेषरावांनी दाराकडं पाहिलं, कलशाकडं पाहिलं, मग स्वतःच्या टोचलेल्या बोटाकडं.

"आलुबोंडे," ते म्हणाले.

"किती?"

"आज दोन. सोमवारी तीन." ते थांबले. "अन् एक जिलबी. ठेसनावरच्या हाटेलात. तिथं बसलो नाई, उभ्यानंच खाल्लं, कोनी पाहीन म्हनून. वावरात जातो म्हटलं अन् आधी तिकडंच गेलो. हातपाय फुटून राह्यले होते माहे. शनवारचा एक दिवस निघाला कसाबसा, मग नाई निघाला."

"ठेसन" म्हणजे त्यांच्या तोंडी बस-थांबा. निताला हसू आलं होतं, पण भागिरथाबाईंकडं पाहून तिनं ते आवरलं.

"मग तुमची जोडी काढावी लागेल, काका," ती म्हणाली. "कागद भरून पाठवायचा असते. खोटं लिहून नाही चालत."

"माहा कागद?" भागिरथाबाई म्हणाल्या.

"तुमचा नमुना गेलेला आहे. एकटीचा कामी येते का ते विचारते मी. पण जोडीचा रिपोर्ट आता नाही येणार, काकू."

भागिरथाबाई खाली बसल्या. जमीन सकाळीच सारवली होती, अजून गार होती. "मले तो कागद पाहिजे होता," त्या म्हणाल्या.

"कायले? साखरेचे आकडे आहेत ना सात दिवसांचे. तेवढ्यानंही आपल्याले पुष्कळ समजलं. भाकरीच्या दिवशी तुमची साखर दीडशे, उसळीच्या दिवशी सव्वादोनशे. उपासाले भगर करा, ताक घ्या, लाल भोपळा, काकडी, राजगिऱ्याची भाजी. साबुदाणा, बटाटा अन् चहातली साखर सोडा. तीन महिन्यांनी पाहू. आता गोळ्याच चालू ठेवा, सुईचं मोठ्या डॉक्टरले दाखवून ठरवू. त्यासाठी कागदाची गरज नाही."

"साखरेसाठी नोता पाहिजे," भागिरथाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, हळू. "यायले दाखवाले पाहिजे होता. मी चोरून नाई खात म्हनून."

निताला ती रेघ, तो डॉक्टर, काहीच ठाऊक नव्हतं. पण तिनं दोघांकडं पाहिलं आणि बरंचसं समजून घेतलं. यंत्र पिशवीत ठेवलं. निघताना वाकून भागिरथाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, तो कागद आला असता तरी त्यात हे लिहिलेलं नसतं. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"हाव," भागिरथाबाई म्हणाल्या. "सांगतलं होतं तू."

ती गेली. उसळ झाकलेलीच राहिली. शेषराव दाराशी टेकून बसले होते, बऱ्याच वेळानं आत सरकले आणि चुलीपासून हातभर अंतरावर येऊन बसले.

"निता हो म्हनीन तं परत सुरू करता येईन का?" ते म्हणाले. "पयल्यापासून. दहा दिवस."

"तुमच्यानं नाई होत."

"नाई होत," त्यांनी कबूल केलं. मग जमिनीकडं पाहत विचारलं, "तुह्यानं कसं होते?"

भागिरथाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं, हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. उपास कशाचा, किती, सोडला का, फराळाला काय केलं, हे सगळं विचारून झालं होतं. त्यांनी स्वतःही स्वतःला विचारलं नव्हतं. देवीचं काम आहे, होतं, एवढंच.

"नाई होत," त्या म्हणाल्या. "भूक लागते. लय लागते. दुपारी चार वाजता डोयापुढं काजवे येते. तुमी भाकर खाता ना, तवा मी मागच्या अंगनात जाऊन भांडे घासत बसते, वास येऊ नाई म्हनून. म्हनून तं ते केळं, तो लाडू. चालते म्हनून खाते. भूक काई जात नाई त्यानं."

"अकरा वर्सं?"

"हाव."

शेषरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोकं खाजवलं. मग उठून ते ओट्यावर गेले. भागिरथाबाईंना वाटलं, गेले पारावर. त्यांनी डब्यातून भगर काढली, सुपात घेतली आणि खडे पाहू लागल्या. उसळ शेजारणीच्या म्हशीला जाईल. आजचा वार अजून अर्धा उरला होता.

ओट्यावरून शेषरावांचा आवाज आला. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलायचे, पलीकडचा माणूस दूर गावी आहे म्हणून.

"मंजुषा? मी बोलून राह्यलो. नाई, बरं हाय सगळं. आयक. तुह्या मायनं कधी चोरून खाल्लं नाई. हाव. कधीच नाई. चोरून मी खाल्लं. अवं मी, तुहा बाप. आलुबोंडे. हासू नको. मी दोन दिवस नाई निभवू शकलो, अन् ते बाई... नाई, नाई, डॉक्टरले काई समजत नाई. मी म्हनतो म्हनून आयक. अन् तुह्या मोठ्या मायले, गोकर्णावैनीलेबी मीच सांगीन, घरी जाऊन."

समोरच्या घरातल्या दोघी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्याचं भागिरथाबाईंना दारातून दिसत होतं. सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. आता कागदाची गरज उरली नाही, हे त्यांना कळत होतं. आनंद व्हायला हवा होता. पण अंगात एवढा थकवा उतरला की सूप हातात धरवेना; त्यांनी ते मांडीवर टेकवलं आणि पाठ भिंतीला लावली. डोळे मिटले.

"मंजुषाची माय," शेषराव फोन हातात घेऊन दारात आले होते. "बोल म्हनते पोरगी. रडून राह्यली."

"सांगा तिले, उद्या बोलीन," भागिरथाबाई म्हणाल्या. "आता बसू द्या मले जराशी."

शेषरावांनी फोनवर तसं सांगितलं. मग आत आले, त्यांच्या मांडीवरचं सूप हळूच उचललं, आणि उजेडाच्या बाजूला बसून, चष्मा नसल्यामुळं सूप नाकापाशी धरून, भगरीतले खडे शोधू लागले.